फेरफार पुसायचे, सातबारा ठेवायचा

तापी आणि सातपुडा यांच्या मध्ये, मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेलं शिरपूर आता कापसाइतकंच कॉलेजांसाठी ओळखलं जातं. आर. सी. पटेल यांच्या नावाच्या संस्था आहेत, तापीकाठी एनएमआयएमएसचं आवार आहे. त्यामुळे भाड्याच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप उघडून बसलेली पोरं इथे कमी नाहीत. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की या खोल्यांमधून एक चमत्कारिक तक्रार ऐकू येऊ शकते. संगणकाला सांगावं, ‘खरेदी’ नावाचं टेबल तयार कर. तो म्हणतो, ते आधीच आहे. बरं, आहे तर त्यात ओलाव्याचा आकडा लिही. तो म्हणतो, असा रकानाच नाही. मग रकाना तयार कर म्हणावं, तर उत्तर येतं, करण्यासारखं काहीच उरलेलं नाही.

तीन प्रश्नांना तीन उत्तरं, आणि तिन्ही एकमेकांना छेद देणारी.

अशा वेळी शेजारच्या खोलीतला सीनियर येतो आणि एका वाक्यात निकाल लावतो: ‘उडव ना भो सगळं, परत कर.’ सगळं म्हणजे मायग्रेशनच्या फाइली आणि डेटाबेससुद्धा. पोरगं उडवतं, परत करतं आणि प्रोजेक्ट चालू होतो. हाच सल्ला घेऊन ते पोरगं वर्षभराने पुण्यातल्या एखाद्या कंपनीत गेलं आणि तिथल्या चालू साइटवर तो वापरला, तर मात्र दुसऱ्या दिवशी नोकरी राहीलच याची खात्री नाही. खोलीत बरोबर असलेला सल्ला कंपनीत इतका घातक का ठरतो? त्यासाठी संगणक तीन वेगवेगळी उत्तरं देताना नेमकं कुठे पाहत असतो, ते समजून घ्यावं लागतं.

नोंद बदलली की नमुना?

आधी एक फरक पक्का करू. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेले. धुळे, साक्री, शिंदखेडा आणि शिरपूर जुन्या जिल्ह्यात राहिले. शहाद्याच्या शेतकऱ्याच्या कागदावर ‘जिल्हा’ या शब्दापुढे धुळे होतं, तिथे नंदुरबार आलं. रकाना तोच राहिला, आतला मजकूर बदलला.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने सातबाऱ्याचा नमुनाच सुधारला, ती गोष्ट निराळी. गावाच्या नावाशेजारी त्या गावाचा ठरलेला कोड छापायचा, असं त्यात ठरलं. आधीच्या नमुन्यात त्याला जागाच नव्हती. इथे कुणा एका खातेदाराची नोंद बदलली नाही; सगळ्यांच्या उताऱ्याचा साचा बदलला.

डेटाबेसमध्ये हे दोन्ही बदल होतात. पहिला बदल रोजचा आहे, वापरणारा माणूस बटण दाबतो आणि तो होतो. दुसरा बदल प्रोग्रॅमर करतो आणि तो करण्याच्या शिस्तशीर पद्धतीलाच मायग्रेशन म्हणतात.

समजा, शिरपूरच्या दोन विद्यार्थ्यांनी एका जिनिंगसाठी कापूस खरेदीची नोंद ठेवणारी साइट बनवली. एक टेबल ‘शेतकरी’: नाव, गाव, मोबाइल. दुसरं ‘खरेदी’: तारीख, वजन, भाव. दिवाळीच्या सुमाराला हंगाम सुरू झाला, काट्यावर गाड्या लागल्या, शेकडो पावत्या त्यात गेल्या. मग मालक विचारतो, ‘ओलावा कुठे लिहायचा?’ प्रश्न रास्त आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीतसुद्धा ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या पुढचा माल घेतला जात नाही. म्हणजे ‘खरेदी’ टेबलाला नवा रकाना हवा. आधीच्या शेकडो पावत्यांना धक्का न लावता, आणि तोही काटा चालू असताना.

फेरफाराची वही

ज्याने तलाठी कार्यालयात कधी तरी ताटकळत वेळ काढला आहे, त्याला मायग्रेशन समजायला अडचण पडू नये. जमिनीचा सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. तो आजची स्थिती सांगतो: मालक कोण, क्षेत्र किती, बोजा कुणाचा, पीक कोणतं. ही स्थिती आली कशी, ते गाव नमुना ६ मध्ये असतं. ती फेरफाराची नोंदवही. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली की क्रमांक पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार नोंद घेतली जाते, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. मग सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो, नवं नाव येतं आणि फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिला जातो.

यातली खुबी अशी की पहिल्या फेरफारापासून शेवटच्या फेरफारापर्यंत सगळे क्रमाने वाचत गेलं, तर शेवटी हातात आजचाच सातबारा यायला हवा.

मायग्रेशनची एकेक फाइल म्हणजे एकेक फेरफार. ०००१ क्रमांकाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं की ‘शेतकरी’ आणि ‘खरेदी’ ही दोन टेबलं तयार करा. ०००२ मध्ये, शेतकऱ्याला खाते क्रमांकाचा रकाना जोडा. ०००३ मध्ये, खरेदीला ओलाव्याचा. प्रत्येक फाइल आपल्या आधी कोणती फाइल लागू झालेली असली पाहिजे तेही सांगते. त्यामुळे एखाद्या कोऱ्या संगणकावर या फाइली क्रमाने चालवल्या की डेटाबेस आपोआप आजच्या आकाराला येतो. एकाच्या लॅपटॉपवर, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर आणि जिनिंगच्या सर्व्हरवर एकच आकार.

हे नेहमी असंच नव्हतं. डेटाबेसचा आराखडा एकदाच, सुरुवातीला, पूर्ण विचार करून ठरवायचा आणि नंतर त्याला शक्यतो हात लावायचा नाही, असा पूर्वी रिवाज होता. तो मोडायला ज्यांनी हातभार लावला त्यांत प्रमोद सदलगे हे एक नाव आहे. थॉटवर्क्स कंपनीत काम करताना त्यांनी मार्टिन फाउलर यांच्यासह २००३ मध्ये, डेटाबेस टप्प्याटप्प्याने कसा वाढवत न्यावा यावर लेख लिहिला. २००६ मध्ये स्कॉट अँब्लर यांच्याबरोबर त्याच विषयावर पुस्तक केलं. दरम्यान २००५ मध्ये रूबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कने मायग्रेशनची सोय आपल्यातच आणली. (साइट बनवताना पुन्हापुन्हा लागणारे भाग ज्यात तयार मिळतात, तो सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क.)

आपल्या जिनिंगची साइट ज्यात बनली असं धरू, ते जँगो हे पायथन भाषेतलं फ्रेमवर्क. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत ते घडलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यात मात्र ही सोय नव्हती. अँड्र्यू गॉडविन यांनी २००८ मध्ये ‘साउथ’ नावाचं वेगळं जोडसाधन तयार केलं आणि जवळपास सगळे तेच वापरू लागले. ते मूळ जँगोत आणण्यासाठी गॉडविन यांनी २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. मागितले अडीच हजार पौंड, जमले जवळजवळ अठरा हजार. लोकांना या गोष्टीची किती निकड होती, ते त्या आकड्यावरून कळतं. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या जँगो १.७ पासून मायग्रेशन हा जँगोचाच भाग आहे.

कोण कुठे पाहतं

आता त्या तीन उत्तरांकडे वळू. एकच आराखडा तीन ठिकाणी लिहिलेला असतो, आणि बहुतेक विद्यार्थ्यांना त्यातल्या दोनच जागा माहीत असतात.

पहिली जागा मॉडेलची. प्रोग्रॅमर पायथनमध्ये लिहितो की खरेदीला तारीख, वजन, भाव, ओलावा असे रकाने असावेत. ही झाली इच्छा. दुसरी जागा मायग्रेशनच्या फाइलींची. तिसरी प्रत्यक्ष डेटाबेस. या तिसऱ्या जागेतच एक लहानसं टेबल आणखी असतं, त्याचं नाव ‘जँगो_मायग्रेशन्स’. त्यात अनुक्रमांकाशिवाय तीनच गोष्टी लिहिलेल्या असतात: कोणत्या ॲपची (म्हणजे प्रोजेक्टच्या कोणत्या भागाची) फाइल, फाइलचं नाव, आणि ती कधी लागू झाली ती तारीख-वेळ. ‘खरेदी, ०००३_खरेदी_ओलावा, १२ नोव्हेंबर, रात्री ११.४०’ अशा धर्तीची एकेक ओळ. प्रमाणित झालेल्या फेरफारांची ती यादी. हे टेबल उघडून पाहिलेला विद्यार्थी विरळा. सगळ्या घोळाची किल्ली मात्र तिथेच असते.

दोन हुकूम आहेत. ‘मेकमायग्रेशन्स’ म्हटलं की जँगो नवी फाइल लिहितो. ‘मायग्रेट’ म्हटलं की लिहिलेली फाइल डेटाबेसवर लागू करतो. पहिला हुकूम बदल शोधताना मॉडेलची तुलना कशाशी करतो? कुणालाही वाटेल, डेटाबेसमधल्या टेबलांशी. तसं नाही. तो सगळ्या जुन्या फाइली मनातल्या मनात पहिल्यापासून वाचतो, त्यातून काय आकार तयार व्हायला हवा ते ठरवतो आणि त्याच्याशी मॉडेल ताडून पाहतो. टेबलात खरोखर काय आहे, ते तो बघत नाही.

दुसरा हुकूमही टेबलांकडे बघत नाही. तो फाइली घेतो, ‘जँगो_मायग्रेशन्स’ची यादी घेतो आणि यादीत नसलेल्या फाइली चालवतो.

म्हणजे दोघांचाही सगळा भरवसा कागदावर. प्रत्यक्ष बांधावर जाऊन मोजणी कुणीच करत नाही. एखाद्याने पडद्यामागून थेट डेटाबेसमध्ये शिरून ‘खरेदी’ टेबल बनवलं, तर यादीला त्याचा पत्ता नसतो. ‘मायग्रेट’ ०००१ चालवायला जातो आणि आपटतो: टेबल आधीच आहे. उलट कुणी टेबल हाताने पुसून नव्याने केलं, पण यादीतली ०००३ ची ओळ तशीच राहिली, तर ‘मायग्रेट’च्या लेखी ओलाव्याचा रकाना केव्हाच जोडून झाला आहे. म्हणून तो म्हणतो, करण्यासारखं काही नाही. आणि साइट म्हणते, असा रकानाच नाही.

घोळ कुठे पडतो

हाताने केलेली ढवळाढवळ हे एक कारण. पण अगदी नियमाने चालणाऱ्यांचाही पाय घसरतो अशा जागा आहेत.

दोघे भागीदार आपापल्या लॅपटॉपवर काम करत असतात. एकाने ०००५ क्रमांकाने ‘वाहन क्रमांक’ जोडला, दुसऱ्याने त्याच रात्री ०००५ क्रमांकाने ‘अडत’ जोडली. काम एकत्र केलं की दोन ०००५ समोरासमोर, आणि दोन्ही ०००४ नंतरच्या. जँगो थांबतो आणि भांडण मिटवायला सांगतो. त्यावर ‘मेकमायग्रेशन्स’ला ‘मर्ज’ जोडून दोन्हींना जोडणारी तिसरी फाइल करता येते, पाच मिनिटांचं काम. बरेच जण घाबरून एक फाइल उडवतात आणि तिथून पुढचं रामायण सुरू होतं. काही जण तर मायग्रेशनच्या फाइली गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, ठेवतच नाहीत, प्रत्येकाने आपापल्या बनवायच्या. मग दोघांकडे दोन इतिहास तयार होतात आणि सर्व्हरकडे तिसरा.

डेटाबेसच्या जातीनेही फरक पडतो. पोस्टग्रेसमध्ये एक मायग्रेशन अर्ध्यात फसलं तर त्यातले सगळे बदल मागे घेतले जातात. मायएसक्यूएलमध्ये आराखड्याचा प्रत्येक बदल तिथल्या तिथे पक्का होतो. पाच बदलांपैकी तिसऱ्यावर गाडी अडली की पहिले दोन झालेले, उरलेले बाकी आणि यादीत नोंद नाही. पुन्हा ‘मायग्रेट’ म्हणावं तर पहिल्याच बदलावर ‘आधीच आहे’.

आणि दोन प्रश्न. भरल्या टेबलाला सक्तीचा नवा रकाना जोडताना जँगो विचारतो की जुन्या नोंदींमध्ये काय भरू? घाईत पोरं शून्य टाकून मोकळी होतात. त्या क्षणी आधीच्या सगळ्या पावत्यांवर ओलावा शून्य टक्के असं लिहिलं जातं. शून्य टक्के ओलाव्याचा कापूस खानदेशात काय, कुठेच मिळणार नाही. इथे रकाना रिकामा राहू देणंच खरं. दुसरा प्रश्न रकान्याचं नाव बदलल्यावर येतो: ‘भाव’चं नाव ‘दर’ केलंत का? उत्तर न देता नुसतं एंटर दाबलं तर ते ‘नाही’ धरलं जातं. जँगो ‘भाव’ हा रकाना आतल्या आकड्यांसकट काढायची आणि ‘दर’ नावाचा कोरा रकाना जोडायची फाइल लिहितो. एक एंटर, मग ‘मायग्रेट’, आणि हंगामाचे भाव गेले.

रीसेटचे तीन रस्ते

वर्ष-दोन वर्षं चाललेल्या प्रोजेक्टमध्ये फाइलींचा ढीग होतो. जोडलेले आणि नंतर काढलेले रकाने, चुकून केलेली टेबलं, दुरुस्तीवर दुरुस्ती. मग वाटू लागतं की हा इतिहास आवरावा. महसूल खात्यालाही ते वाटत आलं आहे. हस्तलिखित सातबारा दर दहा वर्षांनी नव्याने लिहून काढायची पद्धत होती. कंस पडलेली नावं नव्या पानावर येत नसत, चालू नावं तेवढी उतरत. जुनं पान मात्र फाडून टाकत नसत, ते अभिलेख कक्षात जाई.

मायग्रेशन रीसेट करणं म्हणजे हेच पुनर्लेखन. आणि खोलीतला सीनियर इथेच चुकतो: तो फेरफाराबरोबर सातबाराही जाळायला सांगतो.

अर्थात, त्यात काही मोलाचं नसेल तर जाळायला हरकत नाही. डेटाबेसमध्ये ‘अबक’ आणि ‘टेस्ट १’ अशाच नोंदी असतील, साइट दुसऱ्या कुणाकडे चालू नसेल, तर डेटाबेस पुसावा, फाइली काढाव्यात, दोन्ही हुकूम पुन्हा द्यावेत. यात दोन खाचखळगे आहेत. मायग्रेशनच्या फोल्डरमध्ये ‘इनिट’ नावाची एक रिकामी फाइल असते, तीही उडाली तर ‘मेकमायग्रेशन्स’ला ते फोल्डर दिसेनासं होतं आणि ‘काहीच बदल नाही’ असं उत्तर येतं. दुसरा खळगा जास्त खोल आहे. ‘मायग्रेशन्स नावाच्या प्रत्येक फोल्डरमधल्या फाइली काढून टाक’ असा एकओळी हुकूम सगळीकडे फिरत असतो. प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये पायथनची जोडसाधनं ठेवलेली असतील, तर तो हुकूम जँगोच्या स्वतःच्या मायग्रेशन फाइलीही साफ करतो. मग वापरकर्त्यांची, परवानग्यांची टेबलंच तयार होत नाहीत, आणि जँगो पुन्हा इन्स्टॉल करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

खरा प्रश्न डेटा राखायचा असतो तेव्हाचा. हंगाम चालू आहे, पावत्या हव्यात, पण इतिहास आवरायचा आहे. इथे ‘फेक’ हा शब्द कामाला येतो. ‘मायग्रेट’ला हा शब्द जोडला की जँगो टेबलांना हात लावत नाही, यादीत तेवढी नोंद करतो किंवा काढतो. क्रम असा: आधी सगळ्या फाइली लागू झाल्या आहेत आणि मॉडेलमध्ये न नोंदवलेला बदल नाही, याची खात्री करायची. मग ‘खरेदी’ ॲपचं मायग्रेशन ‘फेक’ने ‘झीरो’वर न्यायचं. यादीतल्या खरेदीच्या ओळी जातात, टेबलं आणि पावत्या जागच्या जागी राहतात. आता जुन्या फाइली काढायच्या आणि ‘मेकमायग्रेशन्स’ म्हणायचं. आजचा पूर्ण आराखडा सांगणारी एकच ०००१ तयार होते. शेवटी ‘मायग्रेट’ला ‘फेक-इनिशियल’ जोडायचं. जँगो बघतो की या फाइलीत सांगितलेली टेबलं आधीच आहेत, आणि ती पुन्हा न बनवता फाइल लागू झाल्याची ओळ लिहून मोकळा होतो.

यात ‘झीरो’च्या वेळी ‘फेक’ हा शब्द लिहायला विसरलं तर? तर जँगो एकेक फेरफार उलटा फिरवत मागे जातो आणि सगळ्यात शेवटी पहिला फेरफारही उलटवतो, म्हणजे टेबलं पुसतो. नोंदींसकट. दोन हुकमांत फरक एका शब्दाचा.

‘फेक-इनिशियल’वरही आंधळा विश्वास ठेवू नये. नवं टेबल बनवायची सूचना असेल तिथे तो त्या नावाचं टेबल आहे का एवढंच पाहतो. त्या टेबलात ओलाव्याचा रकाना आहे का, वजनाचा रकाना आकड्यांचा की अक्षरांचा, या फंदात तो पडत नाही.

तिसरा रस्ता ‘स्क्वॉश’चा. साइट एकापेक्षा जास्त ठिकाणी चालू असेल, म्हणजे शिरपूरच्या जिनिंगमध्ये, चोपड्याच्या जिनिंगमध्ये आणि दोघांच्या लॅपटॉपवर, आणि कुणाचा डेटाबेस कुठल्या फाइलीपर्यंत आला आहे याचा भरवसा नसेल, तर हाच रस्ता शहाणपणाचा. ‘स्क्वॉशमायग्रेशन्स’ हा हुकूम १ ते ४० फाइलींचा मिळून एक गोळीबंद फेरफार तयार करतो. टेबल बनवणं आणि त्यात लगेच रकाना जोडणं या दोन पायऱ्यांची एक होते. बनवून नंतर पुसलेलं टेबल मधून गायब होतं. नव्या फाइलीच्या डोक्यावर ती कोणकोणत्या फाइलींच्या जागी आली आहे त्यांची यादी असते. कोरा डेटाबेस असला तर नवी फाइल चालते. चाळीसही लागू झालेल्या असल्या तर नवीही झाली असं धरलं जातं. अधल्यामधल्या टप्प्यावर असला तर जुन्याच फाइली पुढे चालतात. म्हणून जुन्या लगेच काढायच्या नाहीत. सगळी ठिकाणं पुढे आली की मग त्या काढायच्या आणि डोक्यावरची यादीही.

लाराव्हेलसारख्या इतर फ्रेमवर्कमध्येही हीच गरज वेगळ्या हुकमांनी भागवतात. त्यात २०२० पासून सगळा आराखडा एका फाइलीत उतरवून जुनी मायग्रेशन्स काढून टाकायची सोय आहे.

चौकट: कोणता रस्ता केव्हा?
• डेटा फेकण्याजोगा, दुसरी प्रत नाही: डेटाबेस आणि फाइली दोन्ही काढा, ‘इनिट’ फाइल मात्र ठेवा.
• डेटा मोलाचा, एकच चालू डेटाबेस: ‘फेक झीरो’, जुन्या फाइली काढणं, नवी ०००१, ‘फेक-इनिशियल’.
• डेटा मोलाचा, प्रती अनेक: ‘स्क्वॉश’, आणि जुन्या फाइली काढायची घाई नको.
• दोन फाइलींचा क्रमांक एकच: रीसेट नकोच, ‘मर्ज’ पुरे.
• तिन्ही रस्त्यांवर निघण्याआधी: डेटाबेसची बॅकअप प्रत, आणि ती दुसरीकडे उतरवून उघडते का, त्याची खातरजमा.

जे परत येत नाही

मॉडेलमधून नव्याने लिहिलेल्या ०००१ मध्ये तेवढंच असतं जेवढं मॉडेलला माहीत आहे. जुन्या फाइलींमध्ये त्याहून बरंच काही दडलेलं असू शकतं. ०००७ क्रमांकाच्या फाइलीने धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या दहा तालुक्यांची नावं टेबलात भरली असतील. ०००९ ने ‘शिरपुर’ आणि ‘शिरपूर’ असं दोन तऱ्हेने लिहिलेलं गाव एक केलं असेल. ००१२ ने शोध वेगाने व्हावा म्हणून थेट डेटाबेसच्या भाषेत एखादी जोडणी केली असेल. चालू डेटाबेसवर याचे परिणाम राहतातच. पण उद्या चोपड्याला नवा सर्व्हर उभा केला, तर तिथे तालुक्यांची यादी कोरी निघेल, आणि कुणालाच कळणार नाही का ते. म्हणून फाइली काढण्याआधी त्यातल्या अशा हाताने लिहिलेल्या भागांची झडती घ्यावी आणि हवं ते नव्या फाइलीत उचलून आणावं. ‘स्क्वॉश’ हे भाग सहसा टाकून देत नाही, मात्र त्यांतलं पायथनचं लिखाण हाताने नव्या फाइलीत आणायला लावतो.

पडताळणीचा मार्ग एकच आहे. नव्या फाइलींवरून एक कोरा डेटाबेस उभा करायचा, चालू डेटाबेसचा आराखडा नोंदींशिवाय उतरवून घ्यायचा, कोऱ्याचाही उतरवायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळीशी ओळ ताडायची. संगणकीकृत सातबारा आणि हस्तलिखित सातबारा जुळेनात तेव्हा महसूल खात्याने हेच केलं होतं. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं, उतारे लोकांसमोर वाचले गेले, चुका काढल्या गेल्या आणि मग १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. संगणकावरची पडताळणी एका दुपारी उरकते, तरीही ती टाळली जाते.

पहिल्याच दिवशी करायचं एक काम

विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये रीसेटची वेळ आणणारं एक कारण इतकं ठरलेलं आहे की ते आधीच टाळता येतं. जँगो स्वतःचं तयार ‘यूझर’ मॉडेल देतो: यूझरनेम, ईमेल, पासवर्ड. पोरं तेच वापरून सुरुवात करतात. महिन्याभराने लक्षात येतं की शेतकरी यूझरनेमने लॉगिन करणार नाही, त्याला मोबाइल क्रमांक हवा. मग स्वतःचं यूझर मॉडेल लिहितात, ‘मायग्रेट’ म्हणतात, आणि जँगो सांगतो की इतिहास विसंगत आहे. त्याचं बरोबर असतं. जँगोसोबत येणाऱ्या ॲडमिन भागाचं टेबल यूझरच्या टेबलाला बांधलेलं असतं. नव्या मांडणीनुसार यूझरचा फेरफार आधी व्हायला हवा. यादीत तर ॲडमिनचा महिन्यापूर्वीच प्रमाणित झालेला. झालेल्या फेरफाराच्या मागे जाऊन नवा फेरफार घुसवता येत नाही, म्हणून सगळंच नव्याने करायची पाळी येते.

म्हणूनच नवा प्रोजेक्ट सुरू करताना, गरज वाटो न वाटो, स्वतःचं यूझर मॉडेल आधी करावं. दोन ओळींचा रिकामा क्लास आणि सेटिंग्जमध्ये एक ओळ, एवढंच ते काम. पुढच्या बॅचच्या पोरांनी ते पहिल्या ‘मायग्रेट’च्या आधी उरकून घ्यावं.